शंभर किलोमीटर झाले की

गाडी थांबायला हवी होती, ती थांबली नाही. सेन्यानं ब्रेक दाबला, आणखी दाबला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तरी गाडी आपली उतारावरून संथपणे, लाडात आल्यासारखी घसरतच राहिली. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. पावसाचे थेंब काचेवर पडता पडता खडे होत होते. उताराच्या पायथ्याशी टायरचं दुकान होतं आणि दुकानापुढे जुन्या टायरची उतरंड रचलेली होती. त्या उतरंडीला गाडीनं हलकेच गाल लावला, तेव्हा कुठे ती थांबली.

दुकानातून एक उंच तरुण हात पुसत बाहेर आला. दुसरा कुणी असता तर गाडीचा पत्रा पाहिला असता, नाहीतर गाडीतल्या मुलीचा चेहरा. हा सरळ पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि रबरावर अंगठ्याचं नख दाबून पाहू लागला.

"लागलं का फार?" तो म्हणाला.

"नाही, मी ठीक आहे."

"मी टायरला विचारलं," तो म्हणाला, आणि मग मात्र वर पाहून हसला.

तो ओरेस्ट मेल्निचुक. उत्तरेकडच्या थंडर बे गावातलं ते दुकान त्याच्या वडिलांनी काढलेलं, आता तो आणि गल्ल्यावर बसणारी त्याची ओल्हा आत्या मिळून चालवत. सेन्या, आडनाव लाहतेला, तीन रस्ते पलीकडच्या शाळेत मुलांना गाणं शिकवायची. इतकी वर्षं एका गावात राहून दोघांची गाठ पडली नव्हती, ती त्या दिवशी बर्फानं पाडून दिली.

तिचे टायर बारमाही होते. ओरेस्ट म्हणाला, नाव बारमाही, पण इथल्या पंचांगात ते सात महिन्यांच्या वर चालत नाहीत. गारठा पडला की त्यांचं रबर दगड होतं, आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी दगड तो दगडच. हिवाळ्याचे वेगळे घ्या. तिनं पगार आठवला आणि विचारलं, सध्या पुढचेच दोन घातले तर? त्यानं कानाला हात लावला. पुढची चाकं रस्ता धरून ठेवणार, मागची सोडून देणार, मग गाडी भोवऱ्यासारखी फिरणार. चारही घाला, नाहीतर एकही घालू नका.

"लग्नासारखंच आहे," गल्ल्यावरून आत्या म्हणाली. "एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं, असं चालत नाही. पण ह्याला काय कळणार, हा अजून जॅकवरच उभा आहे."

सेन्या हसली. ओरेस्टचे कान लाल झाले… थंडीनंही झाले असतील.

टायर निवडण्याआधी त्यानं एकच गोष्ट विचारली — गाडी कुठे कुठे जाते? हा त्याच्या वडिलांचा धडा. गाडी कुठे जाणार ते गिऱ्हाइकानं सांगायचं, त्यावर आपण वाद घालायचा नाही. आपण त्या वाटेला साजेसं चाक द्यायचं. सेन्यानं सांगितलं: शाळा, रविवारी देऊळ, महिन्यातून एकदा काकाबेकाच्या धबधब्यापलीकडे बाबांच्या शेतावर. तिथला रस्ता कच्चा, हे ऐकल्यावर त्यानं हातातला टायर ठेवून दिला आणि दुसरा काढला. खोल खाचांचा, मऊ रबराचा.

चाकं चढवताना तो गुणगुणत होता. सेन्याचे कान गवयाचे. तिनं ओळखलं, हे रेडिओवरचं नाही. ओरेस्टच्या घराण्याच्या युक्रेनी ख्रिस्ती देवळात उपासना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाऊनच होते, आणि रविवारी ती गाणारा हाच. देवाशी बोलायचं तर सुरात, अशी ज्याची रीत, त्या माणसाला माणसांशी बोलताना शब्द सापडत नसत. हे तिला पुढे कळायचं होतं.

निघताना तो म्हणाला, "शंभर किलोमीटर झाले की परत या. नट पुन्हा आवळावे लागतात. नवं चाक बसायला थोडं चालावं लागतं."

सगळीच दुकानं हे सांगतात. बहुतेक लोक विसरतात, उरलेले महिनाभरानं येतात. सेन्याची रोजची ये-जा पाच किलोमीटरची, म्हणजे तिला तीन आठवडे लागायला हवे होते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाली.

ओरेस्टनं गाडीत डोकं घालून कालपासूनच्या किलोमीटरचा आकडा पाहिला. एकशे अकरा.

"कुठे गेला होतात?"

"शबाक्वाच्या फाट्यापर्यंत."

"काम होतं?"

"हो… म्हणजे, फाटा पाहायचा होता."

शबाक्वाचा फाटा म्हणजे पश्चिमेचा हमरस्ता जिथे दोन होतो ती जागा. पाहण्यासारखं तिथे देवानं काही ठेवलेलं नाही. ओरेस्टनं पाना घेतला आणि वीसच्या वीस नट एकेक करून आवळले, इतके सावकाश की आत्यानं मधेच येऊन सेन्याच्या हातात गुलाबी साखरेचा थर दिलेला पर्शियन पाव ठेवला आणि म्हणाली, "खाऊन घे बाई, हा आज एकाच गाडीवर दुकान बंद करणार आहे."

मग ती रीतच पडून गेली. ऑक्टोबरात हिवाळी टायर चढायचे, मे महिन्यात उतरायचे. उतरलेला संच दुकानाच्याच फळीवर राहायचा, त्यावर खडूनं तिचं नाव. दर खेपेला ती दुसऱ्या दिवशी शबाक्वाच्या फाट्याला जाऊन यायची, दर खेपेला तो आकडा पाहायचा. दुसऱ्या वर्षी 'तुम्ही'चं 'तू' झालं. मधल्या महिन्यांतही ती यायची — कधी हवा कमी वाटते म्हणून, कधी उजव्या चाकातून आवाज येतो म्हणून. तो आवाज ओरेस्टला कधीच ऐकू आला नाही, पण प्रत्येक वेळी त्यानं चाक काढून पाहिलं. नाताळात ती त्याच्या देवळात जाऊन मागच्या बाकावर बसली. त्याचा आवाज घुमटाला टेकून खाली आला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर हिमात उभं राहून त्यानं तिच्या हातमोज्यावरचा बर्फ झटकला आणि हात सोडायला दोन क्षण जास्त लावले. बस्स, तेवढंच. तो बोलेल म्हणून ती थांबली. ती थांबलीय हे त्याला कळलंच नाही.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी तिला पत्र आलं. व्हिक्टोरियातल्या एका मोठ्या देवळाला मुलांच्या गायकवर्गासाठी शिक्षिका हवी होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. असं काम आयुष्यात एकदा चालून येतं. उत्तर दहा तारखेपर्यंत टपालात टाकायचं होतं. सेन्यानं उत्तर लिहिलं नाही. तिनं कौल लावला, तोही मुकाट्यानं, ज्याच्याकडून तो हवा होता त्याला न सांगता. ओरेस्टनं 'राहा' म्हटलं तर राहायचं. नुसतं 'का?' म्हटलं तरी राहायचं.

मेच्या सहा तारखेला हिवाळी टायर उतरवायला ती गेली. उन्हाळ्याचे जुने टायर गोटा झाले होते, नवे घ्यायचेच होते. ओरेस्ट हात पुसत आला आणि नेहमीसारखं हसत म्हणाला, "बोल, यंदा गाडी कुठे कुठे जाणार?"

खरं सांगायचं तर तिनं म्हणायला हवं होतं, मला बोलावलंय. वाटेत तिनं तेच चारदा घोकलं होतं. पण माणूस ज्याची परीक्षा घ्यायला जातो त्याच्यापुढे जरा जास्तच ताठ उभा राहतो. तिच्या तोंडून निघालं —

"व्हिक्टोरियाला. मी जातेय, जुलैत. कायमची."

ओरेस्टच्या हातातलं फडकं थांबलं. आत पंपाचा आवाज चालू होता. आत्यानं गल्ल्यावरून मान वर केली आणि पावत्या मोजायला घेतल्या.

"गाणं शिकवायला?" त्यानं विचारलं.

"हो. मोठं काम आहे."

"मोठंच असणार," तो म्हणाला. "तुझं गाणं इथे कोण ऐकतं."

मग तो फळीकडे वळला. गिऱ्हाइकानं वाट सांगितली होती, आणि वाटेवर वाद घालायचा नाही हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यानं एक टायर काढला, परत ठेवला, दुसरा काढला. जमिनीवर बसून तिला समजावून सांगू लागला की तिथे बर्फ नसतो, पाऊस असतो. रस्त्यावर पाणी साचतं आणि चाक त्यावर तरंगतं. म्हणून अशा लांब, सरळ चरांचा टायर हवा, पाणी बाजूला सारणारा. बोट चरातून फिरवत तो अर्धा तास बोलला. तिनं त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक वाक्य संपलं की तिला वाटे, आता… आणि पुढचं वाक्यही टायरचंच निघे.

"हे तुम्हाला चांगले," शेवटी तो म्हणाला.

तुम्हाला. तो शब्द तिच्या काळजात खिळ्यासारखा रुतला. तिनं मान हलवली. हिवाळी टायर न्यायचे का, असं आत्यानं विचारलं, तर राहू द्या म्हणाली, तिकडे काय करायचेत.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. रात्रभर डोळा लागला नव्हता. तरीही ती शंभर किलोमीटर पुरे करायला निघाली. मनाशी म्हणाली, एक संधी देवाला अजून द्यावी. फक्त शबाक्वाचा रस्ता तिच्यानं धरवेना. तोच रस्ता पुढे पश्चिमेला जातो, जुलैत सामान भरून त्याच रस्त्यानं जायचं. म्हणून तिनं गाडी उलट्या बाजूला, पूर्वेला डोरियनकडे वळवली. वाटेतल्या तळ्याकाठी बर्फ अजून वितळत होता. दोनच्या सुमाराला ती दुकानात पोचली, तर ओरेस्ट नव्हता. आत्या वैतागलेली, सकाळी न सांगता कुठे गेलाय देव जाणे, सात गाड्या खोळंबल्यात. दुकानातल्या मदतनीसानं भराभर नट आवळले.

टाळलं त्यानं, सेन्याला वाटलं. सरळ टाळलं. परतताना तिनं टपालपेटीपाशी गाडी थांबवून होकार लिहिला आणि पेटीत टाकला.

व्हिक्टोरियात तिचं चांगलं झालं. मुलं तिच्यावर जीव टाकत. पावसात टायर एकदाही घसरले नाहीत. निवड अचूक होती, त्यात तिळमात्र खोट काढता आली नसती. तिला कधी कधी त्याच गोष्टीचा राग येई.

पाचव्या शरदात एका दुपारी, तालमीची मुलं यायच्या आधी, फोन वाजला.

"मी ओरेस्ट," आवाज म्हणाला. "दुकानातून बोलतोय."

दोघांनी एकमेकांची खुशाली विचारली. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. दारिया, देवळातलीच; आता दुकानाचं कामकाज तीच बघते, आत्याचे गुडघे गेले. चांगली आहे, तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं. सेन्या म्हणाली, मला फार आनंद झाला. तेही बरंचसं खरं होतं.

"दारिया फळ्या लावत होती," तो म्हणाला. "तुझे चार टायर निघाले. विचारत होती, ही सेन्या कोण. झीज अर्धीसुद्धा नाही ग, पण रबर जुनं झालं. टायर नुसता ठेवला तरी म्हातारा होतो. आता कुठल्याच गाडीला घालता येणार नाहीत. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय टाकत नाही, म्हणून…"

"इतकी वर्षं ठेवलेस?"

तो म्हणाला, "एक विचारू? तू त्या दिवशी नट आवळायला आलीस, असं आत्या म्हणाली. कुठून आलीस?"

"डोरियनहून."

"अच्छा," तो म्हणाला. त्याच्या मागे पंप चालू होता. "मी फाट्यावर होतो. शबाक्वाच्या. सकाळी नऊपासून तीनपर्यंत. दुकानात आत्यासमोर काही बोलवलं नसतं मला. म्हटलं, तू नेहमी तिथवर येतेस."

सेन्या खुर्चीत बसली. खिडकीबाहेर पाऊस बारीक, न थांबता पडत होता.

"काय बोलणार होतास?"

"ते राहू दे आता."

"ओरेस्ट," ती म्हणाली, "तुला सांगितलं ना, मी जातेय… तेव्हा मी उत्तर लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं. तुमच्या दुकानातून निघाल्यावर."

तिकडे कुणीतरी त्याला लांबून हाक मारली, बाईचा आवाज, प्रेमळ. तो आलो म्हणाला. इकडे जिन्यावर मुलांचे बूट वाजायला लागले.

"टाकून दे ते टायर," सेन्या म्हणाली.

"नक्की?"

तिनं डोळे मिटले. "नक्की."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, हळूच: "आज नको. उद्या टाकतो."