खडूसाहेबाचं शास्त्रीय नाव

"सूड!" भिंगरी म्हणाली. "सूड घ्यायचा. दुसरं काही बोलायचंच नाही!"

संग्रहालयाच्या मोठ्या जिन्याखाली तिघं अंग चोरून बसली होती. भिंगरी, तिचा आतेभाऊ बोका आणि शेजारची शंका. भिंगरी एका जागी टिकत नसे म्हणून भिंगरी. बोका दिसेल ते खात असे म्हणून बोका. शंकाचं खरं नाव काय, अशी शंका तिच्या वर्गशिक्षिकेलाही अधूनमधून येत असे.

"खुर्चीवर खाजकुयली टाकू," बोका म्हणाला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते, पण तोंडात बिस्किट होतंच.

"मग पक्षी सापडतील?" शंकाने विचारलं.

"नाही सापडणार. पण तो खाजवत बसेल!"

तो म्हणजे व्यवस्थापकसाहेब. त्यांच्या खिशात कायम हिरवा खडू. दिसेल त्या वस्तूवर बाण काढायचे, बाणापुढे दालनाचा नंबर, आणि ओरडायचे, "उचला! हलवा!" एकदा त्यांनी बोक्याच्या दप्तरावर बाण काढून ते भंगारात पाठवलं होतं, डब्यासकट! खडू, खडूस आणि साहेब, असं सगळं एकत्र करून पोरांनी त्यांना खडूसाहेब केलं होतं.

पण आजचा गुन्हा डब्याएवढा लहान नव्हता. आज सकाळी, याच जिन्यापाशी, शिपाई, पाहुणे, तिकीटवाल्या ताई, सगळ्यांच्या देखत ते आत्यावर कडाडले होते.

"पाच खोके, बाई! हमिंगबर्डचे पाच खोके! मेलेल्या पक्ष्यांना पुन्हा पंख फुटले का? की तुमच्या घरच्या शोकेसमध्ये जाऊन बसलेत?"

आत्या म्हणजे भिंगरीची आत्या आणि बोक्याची आई. पक्ष्यांचं दालन तिच्या ताब्यात होतं. उद्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई तिथल्या नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन करणार होत्या. तोवर पक्षी सापडले नाहीत, तर आत्याची नोकरी गेली आणि चोर हा शिक्का कायमचा बसला!  आत्याने किल्ल्यांचा जुडगा तिकिटांच्या टेबलावर ठेवला. ठेवताना तो खुळखुळला.

तो आवाज भिंगरीच्या कानातून जात नव्हता.

"आत्याने सांगितलेलं आठवतंय?" ती दातओठ खात म्हणाली. "एका शास्त्रज्ञावर दुसऱ्याने वाटेल तशी टीका केली. तर त्याने काय केलं? एका चिकट, घाणेरड्या तणाला त्या टीकाकाराचं नाव देऊन टाकलं! दोघं मरून गेले. तण अजून उगवतंय, नाव अजून तेच! याला म्हणतात सूड!"

"म्हणजे खडूसाहेबाला शास्त्रीय नाव द्यायचं?" शंका म्हणाली. "पण आधी पक्षी नकोत का?"

"आधी पक्षी," भिंगरीने कबूल केलं. "मग नाव. चल, बोक्या, पूस तोंड!"

❖

*लॅम्पोर्निस*
अर्थ: दिवा-पक्षी.
राहतो: डोंगरातल्या जंगलांत.
सापडला: कंदिलांच्या मागे.

❖

सुट्टी लागल्यापासून तिघं आत्याच्या हाताखाली काम करत होती. प्रदर्शनाची कल्पना झकास होती. पुठ्ठ्याच्या प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत फक्त नावाचा अर्थ. पाहणाऱ्याने डोकं खाजवायचं, मग चिठ्ठी उलटायची, की मागे शास्त्रीय नाव. चिठ्ठ्या भिंगरीनेच लिहिल्या होत्या.

"खोके शेवटचे कुठे पाहिले होते?" शंकाने विचारलं.

"व्हरांड्यात. सगळ्या दालनांचे खोके तिथेच पडले होते, नुसता बाजार!" बोका म्हणाला. "त्या दिवशी आई दाढ काढायला गेली. परत आली तेव्हा गाल हा एवढा सुजलेला आणि व्हरांडा चकाचक. तिला वाटलं, खोके आपल्याच कपाटात गेले."

"साफ कुणी केला व्हरांडा?"

उत्तर मिळायच्या आतच दिव्यांच्या दालनातल्या ताई तावातावाने जिना उतरताना दिसल्या.

"ए पोरांनो! ही चेष्टा तुमची ना? आज माझ्या कंदिलांचे खोके उघडतेय, तर एकातून मेलेली चिमणी निघाली! किंचाळले मी!"

"चिमणी?" तिघं एकदम ओरडली आणि जिन्यावरून धडाधड वर पळाली.

ती चिमणी नव्हती. कंदिलांच्या रांगेमागे, कापसात निजलेला, गळ्यावर जांभळी चमक असलेला हमिंगबर्ड होता! खोक्यावर भिंगरीच्याच अक्षरात लिहिलं होतं: दिवा-पक्षी. त्यातल्या 'दिवा'खाली हिरवी रेघ, पुढे हिरवा बाण आणि दिव्यांच्या दालनाचा नंबर.

भिंगरी त्या बाणाकडे पाहतच राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की बोका एक पाऊल मागे सरला.

"त्याने खोके उघडलेच नाहीत! चिठ्ठी उलटलीसुद्धा नाही! पहिला शब्द वाचला आणि काढला बाण!" ती कुजबुजली. "शंका, तलवार कुठे ठेवतात?"

"शस्त्रांच्या दालनात. का?"

"पळ!"

❖

*एन्सिफेरा एन्सिफेरा*
अर्थ: तलवार बाळगणारा. तलवार बाळगणारा. (चूक नाही. नाव दोनदाच आहे.)
राहतो: थंड, उंच डोंगरांवर. चोच अंगापेक्षा लांब.
सापडला: खऱ्या तलवारींच्या कपाटावर, ढालीखाली.

*एरिओक्नेमिस*
अर्थ: लोकरीचे पायमोजे घालणारा. पायांवर पिसांचे पांढरे गोंडे.
सापडला: वस्त्रांच्या दालनात, घोंगड्यांच्या ढिगात.

*हेलिओडॉक्सा*
अर्थ: सूर्याचं वैभव.
सापडला: तारांगणात, दुर्बिणीच्या तिवईला टेकून.

❖

प्रत्येक खोक्यावर हिरवा बाण होता!

"चार झाले," धापा टाकत शंका म्हणाली. "पाचव्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतंस?"

भिंगरी आठवू लागली. पाचव्या खोक्यात आत्याचा लाडका पक्षी होता, जगातला सगळ्यात छोटा, कापसावर ठेवला तर कापूस दबतही नाही असा. प्रदर्शनाची सुरुवात त्याच्यापासून होती, म्हणून चिठ्ठीवर हमिंगबर्डच्या सगळ्या गणाचं नाव होतं. अपोडिफॉर्मीस.

"बिनपायांचे," ती म्हणाली.

"पण त्यांना पाय असतात की!" बोका म्हणाला.

"असतात. इवलेसे. आत्या म्हणते, नाव पडलं ते पडलं. चुकीचं असलं तरी तेच राहतं, तसा नियमच आहे. पण खडूसाहेबाने नुसतं 'बिनपायांचे' वाचलं असणार. बिनपायांचं कोण?"

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"साप!"

सापांची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. दाराला कुलूप. बोक्याने भिंगरीला खांद्यावर घेतलं. तिने दारातल्या गोल काचेला नाक लावलं. बरण्याच बरण्या. प्रत्येकीत वेटोळं घालून बसलेला साप. आणि दोन बरण्यांच्या मध्ये, तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेला खोका!

"किल्ली फक्त खडूसाहेबाच्या कमरेला असते," खालून बोका कण्हला. "आणि उतर आता, मान मोडली माझी!"

भिंगरी उतरली. "बरंच झालं. हे दार तोच उघडेल. सगळ्यांसमोर! तोवर एकाही खोक्याला हात लावायचा नाही."

"आणि तोवर आत्याने रडत बसायचं?" शंकाने विचारलं.

भिंगरी पाय आपटत पक्ष्यांच्या दालनाकडे वळली. शंकाच्या शंकांचा हाच त्रास होता, त्या बरोबर असत.

❖

आत्या आपल्या टेबलाशी बसून ब्रश, चिमटे आणि भिंग पिशवीत भरत होती. तिघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, त्यामुळे तिला आधी वाटलं की सापाने घोंगडं पांघरलंय. मग हळूहळू सगळं उलगडलं. आत्याने डोळे पुसले. नाक पुसलं.

"लोकरीच्या ढिगात? कसर लागेल रे त्याला! डांबरगोळ्या आहेत ना खोक्यात?"

"आहेत. आम्ही पाहिलं."

"झाकण घट्ट?"

"घट्ट."

 आता आत्या धावत जाऊन खोके गोळा करणार, असं भिंगरीला वाटलं. पण आत्याने पिशवीतला एकेक चिमटा काढून पुन्हा टेबलावर ओळीने मांडला.

"मग राहू देत जिथे आहेत तिथेच," ती शांतपणे म्हणाली. "मलाही बघायचंय त्याचं तोंड."

"आई!" बोका आ वासून म्हणाला.

"काय आई? दाढ काढून गाल सुजला होता, तरी मी कामावर आले होते. मला चोर म्हणतो!"

❖

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई आल्या. ठेंगण्या, काठी टेकत चालणाऱ्या, नजर मात्र चिमट्यासारखी. खडूसाहेबांनी घसा साफ केला.

"सांगायला खेद होतो, की एका कर्मचारी बाईंच्या हलगर्जीपणामुळे, किंवा त्याहूनही वाईट—"

"बाई!" भिंगरीचा हात वर गेला. "आम्ही एक खेळ ठेवलाय! नावाचा अर्थ सांगायचा, दालन ओळखायचं!"

"ही काय वेळ आहे खेळायची?" खडूसाहेब खेकसले.

"मला खेळ आवडतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सांग."

"तलवार बाळगणारा कुठे असेल?"

"सोप्पं आहे," खडूसाहेब मध्येच बोलले, "शस्त्रांच्या दालनात, दुसरं कुठे!"

"शाब्बास!" शंका टाळ्या पिटत म्हणाली. "साहेबांनी बरोबर ओळखलं! चला!"

वरात निघाली. शिपाई, पाहुणे, तिकीटवाल्या ताई, झाडून सगळे. शस्त्रांच्या दालनात शिपाईकाकांनी कपाटावरून खोका उतरवला. झाकण उघडलं. लांबलचक चोचीचा हमिंगबर्ड! आत्याने चिठ्ठी उलटून नाव वाचलं. खडूसाहेब हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच अडकलं. त्यांनी हिरवा बाण पाहिला होता.

दिव्यांच्या दालनात त्यांच्या कपाळावर घाम आला. घोंगड्यांपाशी ते रुमाल शोधू लागले. तारांगणात त्यांनी खडू पॅन्टच्या मागच्या खिशात सरकवायचा प्रयत्न केला.

"काका, पडेल तो," बोका गोड आवाजात म्हणाला. "दाखवा की सगळ्यांना!"

सापांच्या खोलीपाशी अध्यक्षबाई थांबल्या. "उघडा."

"बाई, किल्ली बहुतेक—"

"तुमच्या कमरेला आहे," अख्खी वरात एका सुरात म्हणाली.

कुलूप उघडताना किल्ल्या खुळखुळल्या. भिंगरीने तो आवाज डोळे मिटून ऐकला. कालचा आवाज कानातून निघून गेला आणि त्याच्या जागी हा बसला. हा छान होता.

बरण्यांच्या मधून खोका निघाला. आत, कापसात, अंगठ्याएवढा पक्षी. अध्यक्षबाईंनी भिंगातून त्याचे केसासारखे पाय पाहिले, मग चिठ्ठीवरचं 'बिनपायांचे' पाहिलं, मग बाण, आणि मग खडूसाहेबांची हिरवी बोटं.

"वाचता येतं ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "मग चिठ्ठी उलटायला काय झालं होतं?"

"कामाच्या गडबडीत... चूक झाली," खडूसाहेब पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," मागून शिपाईकाका म्हणाले.

"काल जेवढ्या मोठ्याने बोललात, तेवढ्या मोठ्याने!" भिंगरी म्हणाली. तिने जिन्याच्या दिशेने बोट दाखवलं. "आणि त्याच जागी उभं राहून!"

अध्यक्षबाईंनी भिंगरीकडे रोखून पाहिलं. मग मान डोलावली. "मुलगी बरोबर बोलते आहे."

आणि जिन्यापाशी, त्याच फरशीवर उभं राहून, खडूसाहेबांना आत्याची माफी मागावी लागली. तीही दोनदा, कारण पहिल्यांदा तिकीटवाल्या ताई म्हणाल्या की त्यांचा फोन वाजत होता.

किल्ल्यांचा जुडगा आत्याच्या हातात परत आला. "डोकं आहे पोरांना!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "अशी पोरं हाताशी असताना पक्षी हरवतातच कसे? बाई, यापुढच्या सगळ्या चिठ्ठ्या हीच तिघं लिहितील." आत्याने तिघांना एकदमच कवेत घेतलं. बोक्याचं बिस्किट त्यात चुरडलं, पण त्याने तक्रार केली नाही.

संध्याकाळी खडूसाहेब लालबुंद होऊन पक्ष्यांच्या दालनात आले. प्रदर्शनाच्या शेवटी काचेची एक छोटी पेटी होती. आत हिरव्या खडूचा तुकडा कापसावर निजला होता. समोर पाहणाऱ्यांची ही गर्दी, आणि सगळे खिदळत होते.

"हे काय आहे, बाई? काढा ते आधी! हे नाव ताबडतोब काढा!"

"नाही काढता येत, साहेब," आत्या भिंग पुसत म्हणाली. "नियम आहे. एकदा पडलेलं नाव चुकीचं असलं तरी बदलत नाहीत. आणि हे तर चुकीचंही नाही."

❖

*क्रेटिफेरा व्हिरिडिस*
अर्थ: हिरवा खडू बाळगणारा.
राहतो: व्यवस्थापकांच्या खोलीत.
सापडतो: प्रत्येक चुकीच्या दालनात.