यकृताचे दोन पाट

कापून काढलेला आजार परत कसा येतो? हे कोडं मी माझं मीच सोडवलं होतं, आणि उत्तर इतकं वाईट निघालं की मी ते कुणालाच सांगितलं नाही.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, अण्णा. अण्णा पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारे. वर्षापूर्वी त्यांच्या यकृताचा कर्करोग झालेला तुकडा डॉक्टरांनी काढला. उरलेलं यकृत वाढून जवळजवळ पहिल्याएवढं होईल, असंही सांगितलं. झालं, मी रोज अण्णांना नाचणीचं सत्त्व पाजायला लागले. त्यांनी कितीही नाकं मुरडली तरी सोडलं नाही. यकृत वाढलं, आणि मग गाठही परत आली. म्हणजे पाजून पाजून ती मीच वाढवली ना?

आता त्यांच्या यकृतात किरणोत्सारी (डोळ्यांना न दिसणारे किरण सोडणारे) बारीक मणी सोडले होते. म्हणून आठ दिवस ते ओसरीच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. मध्ये जेवणाची ने-आण करायला ठोकळ्या, दवाखान्याने दिलेला यंत्रमानव. मला फार एकटं वाटायचं. ठोकळ्याशी बोलून बोलून किती बोलणार? तो "जेवलीस का" हेसुद्धा घड्याळ बघून विचारतो.

चौथ्या दिवशी मी सवयीने केलेल्या सत्त्वाची वाटी घेऊन तो निघाला, तर मी ती हिसकावून अंगणात ओतली. अण्णांनी तिकडून विचारलं, काय झालं. मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

अण्णा हसले नाहीत. सांग हिला, असं ठोकळ्याला म्हणाले. मग ठोकळ्याने सांगितलं, की शस्त्रक्रियेच्या आधीच काही रोगट पेशी (शरीर ज्यांनी बनतं ते अगदी सूक्ष्म घटक) यकृतात दुसरीकडे पोचल्या होत्या. तपासणीत दिसू नयेत इतक्या थोड्या. त्याच पुढे वाढल्या. सत्त्वाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

मला खरं वाटेना. मग हे मणी चांगलं यकृतही जाळणार नाहीत का, असं मी विचारलं.

हे मात्र अण्णांनी स्वतः समजावलं. त्यांचाच विषय होता. यकृताला रक्ताचे दोन पाट असतात. मोठा आतड्यांकडून येतो, आणि चांगलं यकृत मुख्यतः त्याच्यावर जगतं. धाकटा पाट म्हणजे धमनी (हृदयाकडून रक्त आणणारी नळी). गाठ जवळजवळ सगळं रक्त तिच्यातून ओढते. डॉक्टरांनी मणी नेमके धमनीत सोडले, ते वाहत गाठीकडे गेले आणि तिथल्या बारीक चाऱ्यांत (पाटाच्या लहान फाट्यांत) अडकले. त्यांचे किरण फार लांब पोचत नाहीत. शेजारी थोडी झळ लागते, पण बरंचसं यकृत वाचतं.

"चांगलं यकृत पुरेसं होतं म्हणून तर डॉक्टर या उपचाराला तयार झाले, कस्तुरे," अण्णा म्हणाले. "तू काही वाईट केलेलं नाहीस."

आजार पुन्हा येईल का, हेही मी विचारलं. येऊ शकतो, ठोकळ्या म्हणाला. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासायचं आणि आलाच तर लहान असतानाच गाठायचा. दरवर्षी त्यासाठी नवे उपाय निघताहेत. उगाच गोड गोड बोलला नाही, ते मला आवडलं.

नवव्या दिवशी जवळ जायला परवानगी मिळाली. पळत जाऊन बिलगायचं ठरवलं होतं, पण पाय उचलेनात. लांब राहायची सवयच लागली होती. शेवटी अण्णाच आले, मध्ये दोनदा थांबून, खांबाला धरून. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तपासणीला तूपण चल. आणि मनात काही आलं तर एकटीने कुढायचं नाही. मी आहे ना अजून."

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.