बशीतली गोळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्यांच्या घरी हे घडलं ते डॉक्टर गुरुदत्त वागळे, आमचे गुरुदत्तकाका, जन्मभर लोकांची मोडलेली हाडं जोडत आलेला माणूस. भुताखेतांचं नाव काढलं की खो खो हसणारे. त्यांनीच मला हे सांगितलं, आणि सांगताना ते एकदाही हसले नाहीत.

तारीख २ फेब्रुवारी १९८६, रविवार. गाव नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला.

वेळ सकाळी साडेसातची. भुतांची वेळच नव्हे ती.

बाहेर गुडघाभर बर्फ होता. घरात काका एकटे. पद्मजाकाकूंना जाऊन सोळा दिवस झाले होते आणि मुलगी विनीता आदल्याच दिवशी कॉलेजला परत गेली होती. काकांनी चहा केला, कपबशी टेबलावर ठेवली आणि पेपर आणायला दारापर्यंत गेले.

मागे स्वयंपाकघरातून आवाज आला.

खुळ्... खुळ्...

औषधाच्या बाटलीत गोळ्या हलवाव्यात तसा.

ते आत आले. कोणी नव्हतं. चहाची वाफ निघत होती. आणि बशीत, कपाला टेकून...

एक पांढरी गोळी.

काकांनी ती ओळखली. न ओळखायला झालंय काय! पण ती तिथे असणं शक्यच नव्हतं.

त्याचं असं झालं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरात दोघं केनियाला गेले होते. आठ दिवसांत तीन नॅशनल पार्क, अंबोसेली, नाकुरू आणि त्सावो. काकूंचा उत्साह काय सांगावा! साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर चकल्यांचा डबा. ड्रायव्हर जोसेफ एका हाताने सिंह दाखवायचा आणि दुसरा हात चकलीसाठी मागे करायचा. नाकुरूच्या तळ्यावर हजारो फ्लेमिंगो बघून काकू म्हणाल्या, "अहो, कुणीतरी गुलाल सांडलाय इथे!" आणि चक्क रडायला लागल्या. इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता, असं काका म्हणतात.

दर रविवारी मलेरियाची एक गोळी घ्यायची होती. निघण्याआधी सुरू करायची आणि घरी परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. काकांनी टाळू नये म्हणून काकू ती त्यांच्या चहाच्या बशीत ठेवायच्या.

काकांना त्या गोळीने मळमळायचं. अंबोसेलीत तिच्यापायी त्यांची सकाळची फेरी चुकली आणि नेमका त्याच फेरीत काकूंना चित्ता दिसला. तो राग डोक्यात होताच. त्सावोत दुसरा रविवार आला तेव्हा काका भडकले.

"बास झाली ही नाटकं. अगं, आपण रत्नागिरीचे. लहानपणी किती वेळा हिवताप आला, मेलो का? आपल्या रक्तात मुरलाय तो."

"अहो, पण गोळ्या देताना त्या नर्सने सांगितलंय..."

"डॉक्टर कोण आहे, ती का मी?"

त्यांनी गोळ्यांची बाटली लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. काकूंच्या हातात त्यांची गोळी तशीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"बरं, तुम्ही म्हणता तर राहू दे," असं म्हणून त्यांनी ती कचऱ्यातल्या बाटलीवर टाकली.

वीस वर्षं अमेरिकेत राहिल्यावर रक्तात मुरलेलं काही उरत नाही. हाडांच्या का होईना, डॉक्टरला हे कळायला हवं होतं.

जानेवारीत काकूंना ताप आला. नेपरव्हिलमध्ये तेव्हा घरोघरी फ्लू होता. काका म्हणाले, "फ्लूच आहे, पडून राहा." तिसऱ्या दिवशी काकू ग्लानीत बोलल्या, "अहो, काच वर करा. हत्ती फार जवळ आलेत."

तेव्हा काकांना त्सावोतली ती बाटली आठवली. त्यांनी काकूंना उचलून गाडीत घातलं, हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या केनियाचं सांगितलं. पण मलेरिया मेंदूपर्यंत गेला होता. सतरा तारखेला काकू गेल्या. तिथले तज्ज्ञ म्हणाले, तिकडचा मलेरिया हल्ली या गोळ्यांनाही दाद देत नाही, गोळ्या घेऊनही कदाचित हेच झालं असतं. कदाचित. काकांना तो शब्द पुरला नाही.

कॉरिडॉरमध्ये विनीता उभी होती. तिने विचारलं, "बाबा, आई टॅब्लेट्स घेत होती ना?"

"हो," काका म्हणाले.

एकच शब्द. पोरीची आई गेली होती, आता आपणही तिच्या मनातून जाऊ, या भीतीने ते खोटं बोलले होते.

आणि आता आठ हजार मैलांवर कचऱ्यात टाकलेली गोळी त्यांच्या बशीत होती.

काकांनी ती सिंकमध्ये टाकून वर पाणी सोडलं. डोकं ठिकाणावर नाही आपलं, असं स्वतःला समजावलं.

पुढच्या रविवारी परत खुळ्... खुळ्...

परत बशीत गोळी.

तिसऱ्या रविवारी त्यांनी बशी घेतलीच नाही. सगळ्या बश्या कपाटात घातल्या, जाड मगमध्ये चहा ओतला आणि टेबलाशी ठाण मांडून बसले. साडेसात वाजले. काही नाही. तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. उचलला, तर पलीकडे कोणीच नव्हतं... नुसती शांतता.

ते परतले. मगखाली बशी होती, आणि बशीत गोळी.

त्या दिवशी काका टेबलावर डोकं ठेवून खूप रडले. भीती नव्हती वाटत, असं ते सांगतात. नवऱ्याने गोळी चुकवू नये म्हणून बायको अजून धडपडते आहे, आणि तिची गोळी मात्र आपण फेकायला लावली. हे त्यांना सोसवेना.

चौथ्या रविवारी विनीता घरी आली होती. दोघं हॉलमध्ये बसले होते. साडेसातला तिने मान वर केली.

"बाबा, इज समवन इन द किचन?"

"तुला ऐकू आलं?"

"समवन इज शेकिंग अ बॉटल."

म्हणजे डोकं ठिकाणावर होतं तर. दोघं उठून आत गेले. टेबलावर त्या दिवशी दोन बश्या होत्या. एक काकांच्या जागेसमोर, एक काकूंच्या.

दोन्हीत एकेक गोळी.

"व्हॉट इज धिस, बाबा?"

काका खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्सावो, तो रविवार, ती बाटली, रत्नागिरीची फुशारकी. हॉस्पिटलात बोललेलं खोटंसुद्धा. विनीता भिंतीला टेकून ऐकत होती.

"शी वॉन्टेड टु टेक इट?"

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात म्हणून तिने नाही घेतली?"

"हो."

ती तोंडावर हात ठेवून हुंदके देत राहिली. काकांनी आपल्या बशीतली गोळी तोंडात टाकली. ती खरी होती, कडूजहर. पाणी न पिता त्यांनी ती गिळली.

मग रिकाम्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, "पद्मा, माझं चुकलं गं. तूही घे. आता मीच सांगतोय ना, घे."

दोघं वाट बघत राहिले. चहा निवला. खिडकीवरचा बर्फ घसरून खाली पडला.

गोळी बशीतच होती.

विनीता दुपारी गेली. जाताना तिने काकांना मिठी मारली नाही. फोन करायलाही तिला तीन महिने लागले, पण शेवटी केला. काकांना मलेरिया झाला नाही. त्यांच्या बशीत पुन्हा कधी गोळी आली नाही.

काकूंच्या बशीत मात्र येते. दर रविवारी. सोमवारी सकाळी ती तिथे नसते, कुठे जाते ठाऊक नाही. हे मला काकांनी सांगितलं १९८९ साली, आणि एका रविवारी मी स्वतः ती बशी पाहिली. गोळीला हात लावायचं धाडस मला झालं नाही. अजूनही मी त्यांच्याकडे जातो तो शनिवारी, आणि मुक्काम करत नाही.

त्या रविवारी काका खुर्ची पुढे ओढून बशीशी बसले होते. लहान मुलाला समजवावं तसं हळू आवाजात म्हणत होते, "घे ना गं, पद्मा. एवढं ऐक माझं."

पंचवीस वर्षं काकूंनी त्यांचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. आता त्या ऐकत नाहीत.