खिनेसच्या घराची भिंत

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण आरासेलीमावशीने जन्मात कधी थापा मारल्या नाहीत आणि ही गोष्ट सांगायला तर तिने वीस वर्षं घेतली.

तारीख २७ ऑगस्ट १९६७. रात्र नव्हे... भर दुपार. साडेतीनचा सुमार.

आमचं गाव स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगराला चिकटलेलं. उत्सव जवळ आला की बायका भिंतींना चुना देतात आणि सगळी घरं एकसारखी पांढरी होतात.

त्या वर्षीही झाली होती. एक घर सोडून.

समुद्राने ज्याला परत दिलं नाही, त्याच्या घराच्या दर्शनी भिंतीला चुना द्यायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज. तो आलाच, तर त्याला आपलं घर ओळखू यायला हवं ना. मावशीचा नवरा खिनेस चार वर्षांपूर्वी होडीसकट नाहीसा झाला होता. भिंत पिवळी पडली होती, पोपडे निघाले होते.

आणि जोवर भिंत तशी, तोवर मावशी त्याची बायको.

मावशी तेव्हा चौतीसची. पाववाला ब्लास तिला मागणी घालून थकला होता. उत्सव संपला की तो बार्सिलोनाला निघणार होता, तिच्यासह नाहीतर तिच्याशिवाय. मावशीला जायचं होतं. फार जायचं होतं. पण सासू तोमासा भिंतीला हात लावू देईना.

"एवढी घाई असेल तर जा की," ती जेवताना म्हणाली. "पाववाल्याचा पाव शिळा होईल."

मावशीने ताट उचललं. म्हातारी आतल्या खोलीत आडवी झाली. दुपारी सगळं गाव झोपतं, गल्लीत चिटपाखरू नसतं. मावशीने बादली आणि कुंचा घेतला आणि तासाभरात अख्खी भिंत रंगवून काढली.

ओला चुना आधी दिसत नाही. सुकेल तसा पांढरा होतो. भिंत उजळायला लागली तशी ती आत आली, दार लोटून तिने कडी घातली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं... रातकिडे गप्प झाले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे ते दुपारभर किरकिरतात.

मग पावलं आली.

खालून, समुद्राकडून. अनवाणी आणि जड.

पावलं पहिल्या घरापाशी थांबली. मग एक आवाज... भिंतीवरून तळवा फिरवल्यासारखा.

पुन्हा पावलं. दुसरं घर. पुन्हा तळवा.

कोणीतरी पोपडे चाचपत होतं.

दोन घरं खाली राहणाऱ्या फ्रास्किताचं घर झालं. शेजारचं झालं. मग पावलं तिच्याच दारासमोर थांबली.

ओल्या चुन्यावरून हात फिरत राहिला... एकदा... परत एकदा... या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कडी हाताच्या अंतरावर होती. एक हाक मारली असती तरी पुरे होतं.

आतून तोमासाचा आवाज आला. "आरासेली, बाहेर कोण आहे गं?"

भिंतीवरचा हात थांबला.



"कोणी नाही, आई," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."

बाहेर बराच वेळ काहीच हललं नाही. मग पावलं पुढच्या घराकडे गेली. मग त्याच्या पुढच्या.

संध्याकाळी बायका बाहेर आल्या. तापलेल्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते आणि ते सुकत नव्हते. समुद्राकडून वर आलेले, प्रत्येक दारापाशी थांबलेले, शेवटच्या घरापर्यंत गेलेले.

परत खाली उतरलेला ठसा एकही नव्हता.

तोमासाने ठसे पाहिले. भिंत पाहिली. ती सुनेशी पुन्हा कधी बोलली नाही.

मावशीने ब्लासशी लग्न केलं. बार्सिलोनात तिला दोन मुली झाल्या, संसार चांगला झाला. पण दुपारी ती पाठ टेकत नाही. हात पुसत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते.

एकदा मी धीर करून विचारलंच. दार का उघडलं नाहीस?

"उघडलं असतं," ती म्हणाली, "तर त्याला तोंडावर सांगावं लागलं असतं, की आता जा म्हणून."

गेल्या ऑगस्टमध्ये मी गावी चार दिवस राहिलो. एकाही दुपारी मला झोप लागली नाही.