बारवेत राहिलेला उजेड

लोक नवस बोलतात ते दिवा लावायचे. रुख्मिणीबाईंनी एकदा नवस बोलला, तो दिवा न लावण्याचा. बसा निवांत, सांगते. आधी ती वात मात्र जरा खाली करा.

दोन हजार एक सालचा वैशाख. शिरड शहापूरच्या अलीकडे त्यांचं गाव. त्या दिवशी काम साधंच होतं. धाकटे दीर विश्वंभर औंढ्याहून आले होते. तिथल्या नागनाथाच्या देवळाच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. कुठल्याशा स्पर्धेला त्यांना फोटो धाडायचा होता. त्यांच्यासाठी भाकरी बांधायची आणि सात वर्षांच्या लेकीला, साधनाला, पांढरा झगा घालून बारवेवर न्यायचं, एवढंच.

बारव गावाबाहेर. पायऱ्या उतरलं की पाण्याच्या अलीकडे एक दगडी खोली. भर दुपारीही आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा उग्र वास. वैशाखात छताला शेकड्यांनी लटकलेली असत, पोटाशी पिल्लं धरून. बायका तिथं आसरांची, पाण्यातल्या देवींची, ओटी भरायला येत, त्यासुद्धा दिवा दारातच ठेवून चाचपडत आत जात. काहून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूनं केलं तसं सुनेनं.

विश्वंभर या रीतीला हसले. कॅमेरा स्टँडवर चढवला, त्याचा डोळा उघडाच ठेवला आणि हातात फ्लॅश घेऊन त्या काळोखात फिरू लागले. फ्लॅशवर निळा जिलेटीनचा कागद. इथं एक लखलखाट, तिथं एक. साधना खोलीतल्या पायरीवर, भिंतीला टेकून बसलेली. हलायचं नाही, अशी तिला ताकीद.

"अंधार रंगवून राहिलो, वैनी," ते म्हणाले.

पहिल्याच लखलखाटाला छत फडफडलं. वटवाघळं चिरकत, एकमेकांवर आदळत भर उन्हात बाहेर पडली. मग खाली टप, टप, असा आवाज. रुख्मिणीबाईंनी जमिनीवर हात फिरवला, तर ऊन ऊन, बोटाएवढी पिल्लं. त्यांनी ती पदरात वेचली. बस करा म्हणाल्या. अजून दोनच, असं दीर म्हणाले, आणि त्या दोनाचे वीस झाले.

पिल्लं दुधाच्या बोळ्यावर दोन दिवस जगली. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, साधना जेवून आडवी झाली आणि उठून बसली.

"आई, उजेड जात न्हाई."

"डोळे मीट, माय."

"मिटलेत की... मिटले तरी निळं दिसून राहिलं."

तीन रात्री लेकरू झोपलं नाही. हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, नजर उत्तम म्हणाले. आईनं काळं फडकं बांधलं, घोंगडीखाली कुशीत घेतलं. पापणीच्या आत तसाच लख्ख उजेड. पोरीचे गाल बसले. चौथ्या दिवशी ती घास तोंडात तसाच धरून बसून राहिली, गिळायचं विसरून.

त्या दुपारी रुख्मिणीबाई एकट्या बारवेत उतरल्या. सवयीनं दिवा दारात ठेवला आणि थबकल्या. आत दिसत होतं. निळसर, थंड उजेड, आणि तो येतो कुठून ते कळेना. हात पुढं केला, तर हाताची सावली कुठंच पडेना. वटवाघूळ एकही नव्हतं. अख्ख्या खोलीत काळं म्हणावं असं एकच होतं. भिंतीवर, पायरीपाशी, टेकून बसलेल्या लेकराची सावली.

त्या घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. तुळशीवृंदावनाची सावली अंगणभर लांबली होती. शेजारी साधना उभी. तिच्या पायाशी काहीच नव्हतं.

तिथंच त्यांनी हात जोडले. नागनाथा, माझ्या लेकराचा अंधार तिला परत मिळेस्तोवर या घरात दिवा लागणार न्हाई.

तिन्हीसांजेला घरात गहजब झाला. सासूबाई सखुबाईंनी कपाळ बडवलं. सवाशीण असून देव्हारा काळा ठेवती, असल्या सुनेपायी लक्ष्मी उंबऱ्यातूनच माघारी जाईल, असं बरंच बोलल्या. शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून विचारून गेल्या, तेल संपलं असलं तर वाटीभर देऊ का. रुख्मिणीबाईंचा आवाज आजवर कुणी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही तो चढला नाही.

"आत्याबाई, नागनाथ सोता जमिनीखाली उतरून बसलाय. त्याला अंधाराचं वावडं असतं, तर शिखरावर जाऊन बसला असता."

सखुबाई कूस बदलून भिंतीकडे तोंड करून निजल्या. पण देव्हाऱ्यापाशी काडेपेटी घेऊन कुणी गेलं नाही.

मग रोज दुपारी मायलेकी बारवेत. दाराला घोंगडी लावायची, साधनाला त्या सावलीला पाठ टेकवून बसवायचं आणि आपण समोर बसून नागनाथाचं नाव घ्यायचं. उजेड हलत नव्हता. कधी वाटे, तो ऐकतोय... नाव घेतलं की जरासा दबतो, दम घ्यायला थांबलं की पुन्हा वर येतो. म्हणून त्या थांबेनात. घसा बसला तरी ओठ हलत राहिले.

नवव्या दिवशी विश्वंभर तिथंच येऊन उभे राहिले, तोंड उतरलेलं. रोल धुतला तर सगळा कोरा. वीस फ्लॅश उडाले, फिल्मवर एकाचाही उजेड पोचला नव्हता. पुन्हा काढावा लागेल म्हणाले, साधनाला झगा घाला.

रुख्मिणीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"भाऊजी, तुमचा आधीचा उजेड आत पडलाय. तो उचलून न्या, मग दुसरा आणा."

ते हसायला गेले. तेवढ्यात घोंगडीच्या फटीतून त्यांची नजर आत गेली... फ्लॅशची पिशवी पायरीवर टाकून ते वर चढले. मोटारसायकलचा आवाज किती तरी वेळ लांब जात राहिला.

अवसेच्या दिवशी रुख्मिणीबाईंच्या गालाला वारा लागला. घोंगडीच्या कडेनं काहीतरी फडफडत आत शिरलं. मग दुसरं. मग पुष्कळ. प्रत्येक पंखासरशी उजेड थोडा पुसला जात होता, पाटीवर ओला बोळा फिरावा तसा. शेवटी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. त्या आंधळ्या काळोखात साधनाचा श्वास लांब झाला, संथ झाला. लेकरू झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात ती लंगडी खेळत होती, आणि तिची सावलीही तिच्यासंगं एका पायावर उड्या मारत होती.

मग रुख्मिणीबाई ओटी घेऊन गेल्या. दिवा दारातच ठेवला. अंधार जुना होता, वासही जुना. पायरीपाशी चाचपताना तळवा भिंतीला लागला. थंडगार दगडात हातभर जागा तेवढी गरम होती. बसलेल्या लेकराच्या उंचीला नव्हे. खाली... आडवी. आणि तळव्याखाली ती हळूहळू वरखाली होत होती.

उजेड गेला नव्हता, तोही निजला होता. त्यांनी हात काढून घेतला. तिथंच राहिलेली घोंगडी त्या जागेवर हलकेच सरकवली आणि मागं न बघता वर आल्या.

आता साधना दहावीला आहे. रुख्मिणीबाई अजून दर अवसेला घरात दिवा लावत नाहीत. कुणी नावं ठेवली तर ठेवू देतात. तुम्हीही तेवढं करा. महिन्यातली एक संध्याकाळ अंधाराची अंधाराला देऊन टाका. त्या बाजूला गेलात तर बॅटरी, मोबाइल दारातच ठेवा. आत कुणीतरी झोपलंय.

आज अवसच आहे. चला, हा दिवा आता शांत करा. तुमच्याच हातानं.