करंजाची धुरी

खंडोबाची आण घेऊन सांगते बायांनो, शब्दन् शब्द खरा हाय! खोटं बोलले तर ही कवळी आत्ता तोंडातनं खाली पडंल.

माझी नात उत्कर्षा इंजिनिअरिंगला. करंजाच्या बियांच्या तेलाचं डिझेल करती. आमच्या धायरीच्या घरामागं पत्र्याची शेड हाय, तिथं तिनं विहिरीवरचं जुनं इंजिन ते डिझेल तपासायला मांडलं. करंज आमच्याच बांधावरचा. आमच्या मालकांनी जमीन बिल्डरला दिली, त्यानं झाड पाडून पार्किंग केलं. सोसायटीचं नाव काय, तर म्हणे 'करंजवन'! शेवटच्या शेंगा तेवढ्या पोरीनं गोळा केल्या.

त्या झाडाखाली माझ्या धाकट्या जावेचं, सत्यशीलाचं, बाळ पुरलेलं. जन्मलं तसं गेलं. सासूबाईंनी तोंडसुद्धा दाखवलं न्हाई. म्हणल्या, "बघितलंस तर दूध आटायचं न्हाई."

आम्ही दोघी जावा बघायला बसलो. आधी साधं डिझेल. इंजिन रोजच्यासारखं भकभकलं. मग पोरीनं टाकीत करंजाचं मिसळलं. करंजाचं तेल जळलं की कडू वास येतो. इथं आला ओव्याचा. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात, तसा.

"कुठंतरी लीक असेल," उत्कर्षा म्हणाली.

"ओवा लीक होतो व्हय गं?" मी म्हणलं.

मग ठोका बदलला. मधीच थांबायचा, हुंदका दिल्यागत परत लागायचा.

"मिसफायर होतंय. बंद करते."

"नगं!" जावेनं तिचा हात धरला. "निजंल आपसूक."

"आजी, काय बोलतेस? इंजिन जाईल! सबमिशन आहे माझं."

जाऊ उठली. तापलेल्या लोखंडाला थोपटायला लागली.

ठोका सरळ झाला. एकसारखा. अगदी हळू.

पोरगी मीटर बघून हरखली. "सॉलिड! धूरपण कमी झाला."

जावेचं ध्यान टाकीकडं. तेल खाली चाललेलं.

"अजून हाय का गं?"

"संपलं. झाडच नाही ना आता."

इंजिन थांबलं.

जावेच्या झंपरावर दोन ओले डाग पडले व्हते. सत्तरी कधीच उलटलेली तिची.

समदं खरं हाय. एक तेवढं मनानं घातलं.

मला जाऊ कधी नव्हतीच.