कुजलेल्या मुळांची वाट

जावाच्या डोंगरातलं कालिसुरो गाव. चौकीच्या बाकावर म्हाताऱ्या सार्पानने लवंगेची विडी पेटवली आणि पहाऱ्याच्या पोरांकडे पाहिलं. “कार्सिदीला तुम्ही ओळखता. त्याच्या तोंडचंच सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.”

कुणी हसलं नाही.

मागल्या जानेवारीतला गुरुवार, रात्रीचे सव्वा अकरा. कार्सिदी गावचा पाटकरी. पाटाला एकाएकी गढूळ पाणी आलं, म्हणून भर पावसात बॅटरी घेऊन तो टेकडीवर निघाला. टेकडीच्या पायथ्याशी अकरा घरं. एकात त्याची लेक लास्त्री, आठ दिवसांची बाळंतीण.

तीन वर्षांपूर्वी त्या उतारावरचं झाड न् झाड विकलं गेलं होतं. परवानगी देणारा साहेब टेकडी कधी चढला नव्हता; सही मात्र ठसठशीत. “बुंधे ठेवलेत ना,” मुखिया म्हणाला होता, “खाली मुळं आहेतच. टेकडी कुठे जातेय?” आणि सगळं गाव, कार्सिदीसकट, निर्धास्त झोपलं. मेलेली मुळं काही धरून ठेवत नाहीत. ती कुजतात, मागे पोकळ नळ्या उरतात. जे पाणी झाड पिऊन टाकायचं, ते त्या नळ्यांतून थेट टेकडीच्या पोटात शिरतं.

हे कार्सिदीला उशिरा कळलं. त्या रात्रीच्या महिनाभर आधी त्याने चौकीचा, धोक्याचा इशारा द्यायचा पोकळ ओंडका बडवून गाव उठवलं. काहीच झालं नाही. “काय पाटकरी, बायकोने घराबाहेर काढलं वाटतं?” म्हणत मुखियाने ओंडका बडवायची दांडी स्वतःच्या घरी कुलपात टाकली.

त्या गुरुवारी वर पोचल्यावर कार्सिदीने एका बुंध्याशी पोकळ वेळू रोवला आणि कान लावला. पाटकरी जमिनीतलं पाणी असंच ऐकतात. मुरणारं पाणी कुजबुजतं. हे धावत होतं.

मग थांबलं.

एकदम. पाऊस तर कोसळतच होता...

वेळूतून आवाज आला. ठक. ठक. खालून. आतून.

“कोण आहे?”

...

ठक ठक ठक ठक.

आणि खाली गावात चौकीचा ओंडका त्याच ठेक्यात वाजू लागला.

कार्सिदी धावला. पडला. उठला. धावला. अकराही घरांची माणसं पावसात रस्त्यावर उभी होती. लास्त्रीने बाळ छातीशी धरलेलं. “बाबा, तुम्हीच बडवलंत ना?”

मुखिया तणतणत आला, दांडी त्याच्याच हातात. “कुलूप जसंच्या तसं आहे. मग कुणी...”

टेकडी खचली. फार मोठा आवाज नव्हता.

सकाळी घरं नव्हती. नुसता चिखल, माणूस कमरेपर्यंत रुतेल असा. त्यावर अनवाणी पावलं उमटली होती. एकाच माणसाची. चौकीपासून वर बुंध्यांकडे जाणारी. परतीची नाहीत. सगळीकडे साचलेलं पाणी गढूळ, त्या पावलांतलं मात्र नितळ.

चौथ्या दिवशी उन्हाने चिखल भेगाळला. पावलं मात्र नितळ पाण्याने भरलेलीच होती.